केळीचा मळा एक, निबंध सहा: निबंधाचे प्रकार ओळखायचे कसे आणि लिहायचे कसे

दहावीच्या पोरापोरींना मी मराठी शिकवते, आणि दरवर्षी दिवाळीनंतर एकच प्रश्न येतो, मॅडम निबंध कुठल्या गाईडमधून पाठ करू? माझं उत्तर ठरलेलं आहे, कुठल्याच नाही. आपण खान्देशातली माणसं, आपल्या दारात तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे, केळी आहे, कापूस आहे, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आहे, कानबाई देवीचा उत्सव आहे, आणि निबंधात मात्र आपण लिहितो "कोकणातील निळाशार समुद्र पाहून मन हरखून गेले". समुद्र बघितलेलाच नसतो. पेपर तपासणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं कारण तेच वाक्य त्याने आधीच्या गठ्ठ्यात दहा वेळा वाचलेलं असतं.

म्हणून हा लेख. यात जवळजवळ सगळे प्रकार एकाच विषयावर करून दाखवते, म्हणजे फरक नीट दिसेल. विषय घेऊ केळीचा मळा. रावेर, यावल, चोपड्याकडच्या पोरांना तो रोजचा आहे, बाकीच्यांनी त्या जागी आपला कापूस, मिरची, पपई जे असेल ते धरा.

आधी प्रश्न वाचा, मग प्रकार ओळखा

नव्वद टक्के गडबड इथेच होते. पोरं विषय वाचतात, प्रकार वाचत नाहीत. "केळीचा मळा" एवढं दिसलं की सुटले लिहायला. पण प्रत्येक प्रकार तुम्हाला वेगळं काहीतरी विचारतोय.

वर्णनात्मक निबंध विचारतो की काय दिसलं. प्रसंगलेखन विचारतं काय घडलं. आत्मकथन विचारतं की त्या वस्तूच्या किंवा झाडाच्या जागी तू असतास तर तुला काय वाटलं असतं. कल्पनाप्रधान विचारतो अमुक एक गोष्ट बदलली तर पुढे काय काय होईल. वैचारिक विचारतो तुझं मत काय आणि कशावरून. आणि व्यक्तिचित्र विचारतं हा माणूस कसा आहे. निबंध लिहायच्या आधी कच्च्या पानावर यातला तुमचा प्रश्न एका ओळीत लिहून ठेवा, आणि लिहिताना गाडी दुसरीकडे जायला लागली की त्या ओळीकडे बघा.

दहावीच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत लेखनकौशल्यात प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक असे तीन पर्याय येतात, त्यातला एक सोडवायचा, 8 गुण. पेपर 80 गुणांचा आणि वेळ 3 तास, म्हणजे हिशेब केला तर या एका कृतीला अठरा-वीस मिनिटं मिळतात. त्यातली पहिली तीन-चार मिनिटं नुसती विचाराला द्या. पोरांना ही मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, बाजूचा लिहितोय आणि मी बसलोय अशी भीती वाटते, पण मुद्दे न काढता लिहिलेला निबंध तिसऱ्या परिच्छेदात हमखास अडकतो आणि मग खाडाखोड सुरू होते.

वर्णनात्मक

यात एकच नियम पाळा, डोळ्याला वाट द्या. म्हणजे लांबून जवळ या, किंवा सकाळपासून संध्याकाळपर्यंत जा, किंवा गेटातून शिरून शेवटापर्यंत चाला. कुठलाही एक क्रम धरा. पोरं काय करतात, एक वाक्य आकाशाचं, एक मातीचं, एक परत पक्ष्यांचं, वाचणाऱ्याला उभं कुठे राहायचं तेच कळत नाही.

केळीच्या मळ्याचं वर्णन करायचं तर बांधापासून सुरू करा. बांधावर वारा अडवायला लावलेली शेवरी किंवा गजराज गवत, ते ओलांडून आत शिरलं की एकदम गार वाटतं, मे महिन्यातही. पायाखाली ठिबकच्या काळ्या नळ्या, बुडाशी ओली माती, खोडाच्या बाजूला उगवलेलं पील म्हणजे नवा कोंब, वर बघितलं तर पानांच्या फटीतून पडणारं ऊन आणि मधोमध उलटा लटकलेला घड, त्याच्या टोकाला जांभळं केळफूल. बघा, यात "निसर्गरम्य", "नयनरम्य", "विलोभनीय" यातला एकही शब्द आला नाही आणि तरी मळा दिसला.

डोळ्यांसोबत कान, नाक, त्वचा पण वापरा. सारंगखेड्याच्या घोडेबाजारावर लिहिताय तर दत्तजयंतीच्या दिवसांतली तापीकाठची थंडी, घोड्यांच्या टापा, वाळलेल्या चाऱ्याचा वास, शेव-भजीच्या कढईचा वास हे सगळं येऊ द्या. यात्रा फक्त "प्रचंड गर्दी होती" एवढ्यावर संपवू नका.

प्रसंगलेखन

हा माझा आवडता प्रकार, आणि मार्क पण यात चांगले मिळतात जर नीट केला तर. यातली मुख्य चूक म्हणजे प्रसंग सुरूच होत नाही. "वादळाने झालेले नुकसान" असा विषय असला की पोरं पहिला अर्धा निबंध शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे यावर घालवतात आणि वादळ शेवटच्या चार ओळींत येऊन जातं.

प्रसंग छोटा घ्या. पूर्ण दिवस नको, पंधरा-वीस मिनिटं पुरे. आणि सुरुवात प्रसंगाच्या अगदी जवळून करा. समजा चोपड्याकडचा एक मुलगा लिहितोय:

"चार वाजले असतील. पश्चिमेकडून काळंभोर आभाळ चढत आलं आणि बाबा ओट्यावरून उठून तसेच मळ्याकडे निघाले. मी मागे पळालो. बांधावर पोचेपर्यंत वारं सुटलं होतं. केळीची पानं आधी फडफडली, मग फाटली आणि मग पहिलं झाड आडवं झालं. धप्प असा ओला आवाज. त्याच्या मागे दुसरं, तिसरं, मग मोजता येईना. पंधरा दिवसांत कापणीला येणारे घड चिखलात पडले होते. बाबा काही बोलले नाहीत. एका पडलेल्या घडावरची माती ते हाताने पुसत बसले. शेजारच्या मळ्यातून आबा ओरडत आले, 'काय व्हयनं रे भो?' काय झालं ते त्यांनाही दिसत होतं. त्यांच्या मळ्यातही तेच झालं होतं."

आता यात काय काय केलंय ते बघा. "दुःख" हा शब्द कुठेच नाही, "डोळ्यांत अश्रू तरळले" नाही, पण बाबा माती पुसतायत यातून सगळं पोचतं. वाक्यं आखूड आहेत कारण घटना पटापट घडतेय. एकच संवाद आहे, आणि तो आबा जसे बोलतील तसाच आहे. अमळनेर, धुळे, चोपड्याकडे अहिराणी येईल, रावेर-यावलकडे लेवा बोली येईल. पात्राच्या तोंडी बोली खुशाल टाका, अवतरण चिन्हात, एखाद-दोन वाक्यं. मात्र निवेदन, म्हणजे तुम्ही सांगताय तो भाग, प्रमाण मराठीत ठेवा.

परीक्षेत विषयासोबत कधी बातमी, कधी सूचनाफलक दिलेला असतो, उदाहरणार्थ शाळेतल्या वृक्षारोपणाची बातमी, आणि तुम्ही तिथे हजर होतात अशी कल्पना करून लिहायचं असतं. तेव्हा दिलेली माहिती, म्हणजे ठिकाण, तारीख, पाहुणे, हे लेखात आलंच पाहिजे, त्याला गुण असतात. ते पहिल्या एक-दोन वाक्यांत मोकळं करा आणि मग आपल्या डोळ्यांसमोरचं लिहा.

आत्मकथन

"मी केळीचे झाड बोलत आहे. माझा जन्म एका शेतात झाला." इथे मी वाचणं थांबवते, खरं सांगते. कारण यापुढे काय येणार ते मला माहीत असतं, बालपण, तारुण्य, उपयोग, खंत आणि शेवटी "माणसा, आता तरी जागा हो".

आत्मकथनात सगळ्यात आधी ठरवायचं ते बोलणारा कोण आणि त्याला काय काय माहीत असू शकतं. हे फार महत्त्वाचं आहे. केळीचं झाड बोलत असेल तर त्याने दिल्लीच्या बाजाराचं वर्णन करू नये, ते जागचं हललेलंच नाही. त्याला माहीत काय? बुडाशी येणारं पाणी, वारं, मालकाच्या चालण्याचा आवाज, बाजूची झाडं. पण तुम्ही घडाचं आत्मकथन घेतलं तर गोष्ट पूर्ण बदलते, घड कापला जातो, वाहून नेला जातो, ट्रकमध्ये भरला जातो, उत्तरेकडे प्रवास करतो, रस्त्यात पिकतो, फण्या वेगळ्या होतात. एकाच मळ्यातले दोन बोलणारे आणि निबंध दोन.

झाडाची बाजू घेतलीत तर त्याच्या आयुष्यातली खरी गोष्ट वापरा. केळीचं झाड एकदाच घड देतं. घड कापला की त्या खोडाचं काम संपलं, त्याच्या बुडातून आलेलं पील पुढे वाढतं. आता ही साधी शेतातली माहिती आहे, घरच्यांना विचारलं तर कोणीही सांगेल, पण आत्मकथनात ती आली की निबंधाला जीव येतो:

"माझ्या अंगाखाली एक पील उगवलंय. मालक येतो, माझा घड बोटांनी चाचपतो, आणि मग खाली वाकून पिलाकडे बघतो. माझ्याकडे तो आता पूर्वीइतका बघत नाही. बरोबर आहे त्याचं. पाणी सोडलं की मीही थोडं त्याच्यासाठी राखून ठेवतो."

शेवटी उपदेश नको. झाड शेवटच्या वाक्यापर्यंत झाडच राहिलं पाहिजे, त्याचा मुख्याध्यापक होऊ देऊ नका.

हेच पडक्या किल्ल्याला, जुन्या शाळेला, एसटी स्टँडवरच्या बाकाला, फाटक्या पुस्तकाला लागू आहे. आधी यादी करा, याला काय दिसतं, काय ऐकू येतं, याला कशाची वाट बघायला लागते, आणि त्या यादीतल्या तीनच गोष्टी घ्या.

कल्पनाप्रधान

सध्या बोर्डाच्या तीन पर्यायांत हा वेगळा नसला तरी शाळेच्या परीक्षांना आणि स्पर्धांना येतो. "सूर्य उगवला नाही तर", "परीक्षा नसत्या तर", "मी मुख्यमंत्री झालो तर". इथे कल्पना म्हणजे वाट्टेल ते असं समजू नका. बदलायचं ते एकच, बाकी सगळं जग जसं आहे तसं ठेवायचं आणि त्या एका बदलाने काय काय हलतं ते कडी-कडीने शोधायचं.

"उन्हाळाच नसता तर" घ्या. आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो तेव्हा पहिला विचार येतो की वा, किती मजा. ठीक, पहिला परिच्छेद मजेचा. मग दुसरी कडी, गच्चीवर बिबडे, कुरडया, पापड वाळलेच नसते. बिबडे वाळले नाहीत तर वर्षभराचा डबा रिकामा. पुढची कडी, आखाजीला माहेरी आलेल्या लेकी, झाडाला बांधलेले झोके, गौराईची गाणी, हे सगळं वैशाखातलं, ते कुठे गेलं असतं? मग मोठी कडी, जमीन तापल्याशिवाय मान्सूनचे वारे तरी कसे ओढले जातील? उन्हाळा नाही तर पावसाळाही बेभरवशाचा, आणि मग कापूस कुठला नि केळी कुठली. बघा, मजेत सुरू झालेला निबंध पावसापर्यंत पोचला, आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीतून निघाली. असं झालं की तपासणाऱ्याला पोराने विचार केलाय हे दिसतं.

वैचारिक

यात पोरं सगळ्यात जास्त घाबरतात, आणि स्पर्धा परीक्षेवाल्यांनाही हाच प्रकार लागतो, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ.

वैचारिक निबंधाचे टप्पे असे: आधी प्रश्न नेमका काय आहे ते सांगा, मग तो का निर्माण झाला, मग एखादं खरं उदाहरण, मग समोरच्याचं म्हणणं, मग तुमचं मत आणि शेवटी काय करता येईल. यातला "समोरच्याचं म्हणणं" हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि नेमका त्यानेच निबंध वजनदार होतो.

विषय घ्या "पाणी". घोषवाक्यांनी भरलेला निबंध कसा असतो ते सगळ्यांना माहीत आहे, पाणी म्हणजे जीवन, थेंबे थेंबे तळे साचे, पाणी अडवा पाणी जिरवा, संपलं. त्या जागी आपल्या मातीतलं उदाहरण आणा. धुळे जिल्ह्यात साक्रीकडे पांझरेच्या काठी फड पद्धत आहे, काही शतकं जुनी. नदीवर लहान लहान बंधारे, त्यातून पाट काढून पाणी उताराने शेतात, विजेची गरज नाही. जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पिकांचा क्रम आलटूनपालटून, आणि पाणी वाटायला गावाने नेमलेला पाटकरी. म्हणजे पाण्यासोबत शिस्तही वाटून घेतलेली. हा झाला तुमचा मुख्य पुरावा.

मग दुसरं उदाहरण, शिरपूर पॅटर्न. नाले रुंद आणि खोल केले, त्यावर सिमेंटचे बंधारे बांधले, पाणी जमिनीत मुरलं आणि विहिरींना पाणी वाढलं. आता समोरच्याचं म्हणणं: काही तज्ज्ञ म्हणतात की फक्त नाले खोल करून भागत नाही, डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळ्या पाणलोटाचं काम व्हायला हवं, आणि प्रत्येक ठिकाणचा खडक सारखा नसतो. हे लिहायला घाबरू नका. दोन्ही बाजू मांडून मग तुम्ही म्हणा की माझ्या मते बंधारा पण हवा आणि फडासारखा गावाचा नियम पण हवा, कारण नुसतं पाणी वाढलं आणि नियम नसला तर ज्याच्याकडे मोठी मोटर त्यानेच ते उपसलं असं होतं. हे झालं मत, आणि मागे "कारण" आहे. "कारण" शब्द नसलेलं मत वैचारिक निबंधात धरत नाहीत.

केळीच्या मळ्यावर वैचारिक निबंध करायचा तर विषय होईल पीकविमा, किंवा भाव, किंवा पिकाला पाणी किती द्यावं. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाचं खास पीक अशी अधिकृत ओळख (जीआय), मिळालं, जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही मिळालं. मग प्रश्न विचारा, नाव मिळालं, त्याचा पैसा शेतकऱ्यापर्यंत पोचायला काय लागेल? एवढ्या एका प्रश्नावर पूर्ण निबंध उभा राहतो.

यूपीएससीवाल्यांसाठी थोडं. मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर 250 गुणांचा, दोन निबंध, प्रत्येकी 125 गुण, हजार ते बाराशे शब्द, वेळ 3 तास. तिथे विषय बऱ्याचदा अमूर्त असतो, एखादं वचन दिलेलं असतं. पायऱ्या त्याच, फक्त उदाहरणं वेगवेगळ्या क्षेत्रांतली लागतात, इतिहास, शेती, विज्ञान, घर, आणि एका बाजूचा अतिरेक चालत नाही. गावाकडच्या पोरांना वाटतं आपल्याकडे मोठी उदाहरणं नाहीत. आहेत. काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन 1936 साली आपल्या फैजपूरला झालं. 1942 मध्ये नंदुरबारला शिरीषकुमार तिरंगा हातात घेऊन गोळीबारात गेला, शाळकरी वय होतं. सत्ता, धैर्य, तरुणाई, लोकशाही कुठलाही विषय आला तरी ही उदाहरणं बसतात, आणि ती तुम्ही मनापासून लिहू शकता.

व्यक्तिचित्र आणि चरित्रात्मक

थोडक्यात सांगते. जन्म-शिक्षण-कार्य-मृत्यू या क्रमाने गेलात की माहितीपत्रक होतं. एक प्रसंग किंवा एक सवय शोधा आणि तिथून माणूस उलगडा. बहिणाबाईंवर लिहिताना 1880 साली असोद्याला जन्म हे लिहा, पण जोर द्या तो यावर की लिहिता-वाचता न येणारी बाई जात्यावर, शेतात काम करता करता ओव्या रचत होती आणि लिहून घेणारा मुलगा होता म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या. 1951 साली त्या गेल्या आणि त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली ती 1952 मध्ये. साने गुरुजींवर लिहिताना अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले, वसतिगृहातल्या मुलांचं करणारे मास्तर दाखवा. आणि मळ्यातलंच कोणी घ्यायचं तर डोक्यावर घड वाहणारा माणूस घ्या, त्याच्या खांद्यावरच्या केळीच्या चिकाच्या काळ्या डागांपासून सुरुवात करा. तो डाग कपड्यावरून जात नाही, हे आपल्याकडे प्रत्येक घरात माहीत आहे.

सुरुवात, शेवट आणि शुद्धलेखन

सुरुवातीला सुविचार टाकायचा मोह सोडा. कवितेची ओळ येत असेल तर ती तंतोतंत येत असेल तरच लिहा, चुकीची ओळ खटकते. चांगली सुरुवात म्हणजे एखादं दृश्य, संवाद किंवा थेट मुद्दा. शेवट करताना "अशा प्रकारे" आणि "म्हणूनच म्हणतात की" हे दोन्ही टाळा, तुमचा शेवटचा मुद्दा पूर्ण झाला की पेन उचला.

शुद्धलेखनात आपल्या भागातल्या पोरांच्या ठरलेल्या चुका आहेत. घरी अहिराणी बोलणाऱ्यांचा ळ चा य होतो, डोया, काया, केयी, आणि ण चा न होतो, पानी, लोनी. बोलताना ते आपलं वैभव आहे, ते सोडू नका, पण निवेदनात डोळा, काळा, केळी, पाणी, लोणी लिहायचं. लिहून झाल्यावर फक्त ळ आणि ण साठी एकदा पूर्ण निबंधावरून नजर फिरवा. मग शब्दाच्या शेवटचा इकार-उकार बघा, मराठी शब्दात तो दीर्घ असतो, पाणी, वाळू, गहू, आई. परंतु, आणि, नि हे अपवाद पाठच करून ठेवा. खाडाखोड करायची तर एक आडवी रेघ मारा, गिरवून काळं करू नका.

सराव असा करा. एकच विषय घ्या आणि तो दोन आठवड्यांत दोन प्रकारांत लिहा, म्हणजे या रविवारी कानबाईच्या रोटांचं, म्हणजे तिच्या नैवेद्याचं, वर्णन आणि पुढच्या रविवारी त्याच घरातला एक प्रसंग. घड्याळ लावून लिहा. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी घरातल्या कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, आजी असेल तर उत्तमच. जिथे तुमची जीभ अडखळते तिथे वाक्य तोडा, आणि जिथे आजी म्हणेल "असं नसतं रे ते" तिथे पेन घेऊन तिला विचारा कसं असतं, आणि ते लिहून घ्या.